मिसेस खतीजाची पत्रं

शुक्रवार, १३ ऑक्टोबर २०००
उम्म अल कुवैन, यूएई

मनालीचा फोन पावणेपाचला आला. अकरा मिनिटं बोलली, त्यातली आठ नेरिसबद्दल. मी घड्याळ समोर ठेवूनच बोलते, म्हणून माहीत.

नेरिस प्रोथेरो म्हणजे मनालीची बॉस. वेल्समध्ये गेल्या वर्षीपासून त्यांची स्वतःची असेंब्ली झाली आहे, आपल्या विधानसभेसारखी. त्यात ही बाई एका प्रदेशाची सदस्य आहे. दवाखाने, म्हातारी माणसं, खाणीत काम करून छाती गेलेले लोक, यांच्यासाठी ती तिथे उभी राहून प्रश्न विचारते. मनाली कार्डिफला शिकायला गेली आणि शिक्षण संपल्यावर तिच्याच ऑफिसात लागली.

"नेरिसने आज मिनिस्टरला असं धरलं ना आई! ही हॅड नो आन्सर." "नेरिस म्हणते, माणसाला आधी पूर्ण बोलू द्यायचं." "नेरिस मला गाडी शिकवतेय."

मी म्हटलं, गाडी तुला मी शिकवणार होते.

ती हसली. "आई, तुला कुठे येते?"

येत नाही, हे खरं आहे.

मग तिने विचारलं, बाबा कुठे आहेत? मी म्हटलं, खाली फिरायला गेलेत.

सूर्यकांत माझ्यापासून तीन हातांवर पलंगावर होते. एक सप्टेंबरला सकाळी दाढी करताना पडले, तेव्हापासून डावी बाजू गेली आहे. बोलणं जड झालंय, पण कळतं सगळं. मनालीला मी एवढंच सांगितलंय की बीपी वाढलं होतं, गोळी चालू आहे, आता सगळं ठीक आहे.

फोन ठेवला तर म्हणतात कसे, "लांब... गेलो होतो... बरं का."

बुधवार, १८ ऑक्टोबर

चारुदत्त येऊन गेले. मनालीच्या ईमेल ह्यांच्या कंपनीच्या पत्त्यावर येतात, त्या छापून ते आणून देतात. माणूस भला आहे. "वहिनी, मुलीला कळवायला हवं हो," असं दर वेळी म्हणतात, आणि मी दर वेळी चहा ठेवते.

आज फोटो होता. कागदावर छापलेला, काळापांढरा. नेरिस माझ्याच वयाची दिसते, पंचावन्न-छपन्न. आखूड केस, विंचरलेले वाटत नाहीत. चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. तिचा हात मनालीच्या खांद्यावर आहे. नुसता ठेवलेला नाही, धरलेला आहे.

मी ह्यांचं भिंग आणून पाहिलं. बांगडी नाही, अंगठी नाही, नखं बारीक कापलेली. कामाचा हात. मला काहीतरी खोट काढायची होती. ती सापडली नाही म्हणून जास्त राग आला.

मनालीच्या अंगात एक जाड कोट आहे. ईमेलमध्ये लिहिलंय, तो नेरिसच्या आईचा. मी इथून बर दुबईच्या मीना बाजारातून घेऊन पाठवलेला स्वेटर "ऊब देत नाही गं."

गुरुवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी. मनालीने आणि नेरिसने ऑफिसच्या खिडकीत दिवे लावले. पणत्या नव्हत्या म्हणून जॅमच्या बरण्यांची झाकणं घेतली.

इथे मी काही लावलं नाही. ह्यांना अंघोळ घालून, कपडे चढवून, खुर्चीत बसवेपर्यंत साडेअकरा झाले आणि मग माझ्यातच काही उरलं नाही. समोरच्या दारातल्या शहरबानूने शेवया पाठवल्या. फोनवर मनालीला सांगितलं, यंदा चकल्या अगदी खुसखुशीत झाल्यात.

शनिवार, ४ नोव्हेंबर

चारुदत्तांनी आज नेरिसचं एक अख्खं भाषण आणून दिलं. मनालीनेच पाठवलंय, "आई, मस्ट रीड" असं वर लिहून. विषय: घरी आजाऱ्याचं करणारी माणसं. त्यांच्याकडे अशा माणसाला केअरर म्हणतात. त्यांची मोजणी होते, त्यांना भत्ता किती द्यावा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी कशी मिळावी, यावर सभागृहात चर्चा होते. आमच्याकडे अशा माणसाला बायको म्हणतात.

नेरिस म्हणाली, घरी डॉक्टर येतात, नर्स येते, शेजारी येतात. सगळे आजाऱ्याला विचारतात, कसे आहात? दार उघडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

भाषण चांगलं आहे. दोनदा वाचलं. माझी मुलगी असल्या भाषणांच्या फायली धरून उभी असते आणि तिला स्वतःच्या घरातलं... इथे पुढचं वाक्य लिहिणार होते, पण ते न्यायाचं नाही. तिला मीच सांगितलेलं नाही.

का नाही सांगितलं? या वहीत तरी खरं लिहावं. सांगितलं तर ती येईल. पण बोलावल्यामुळे येईल, आणि मन तिकडेच ठेवून येईल, आणि मला ते रोज बघावं लागेल. न बोलावता आली असती तर गोष्ट वेगळी.

दुसरं कारण जुनं आहे. बेळगावला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर रविवारी नाश्त्यानंतर आम्ही घरी पत्र लिहायचो. पाकीट उघडं ठेवायचं. मोठ्या सिस्टर स्वतः एकेक पत्र वाचायच्या, आणि त्यात तक्रार असली तर तिच्यावर लाल पेन्सिलीची रेघ मारून कागद परत. नऊ वर्षांची असताना मी आईला लिहिलं होतं की मला इथे फार रडू येतं. ते पत्र तीनदा लिहावं लागलं. तिसऱ्यात लिहिलं, आमच्या बागेत गुलाब फुलले आहेत. सिस्टरांनी डोक्यावर हात ठेवला आणि पाकीट बंद केलं. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांच्या झग्याला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा, तो अजून कुठे आला की मी थांबते. पण तेव्हापासून माझ्या हातून कुणालाही खरं पत्र लिहिलं गेलेलं नाही.

आता एक लिहिणार आहे. नेरिसला. तिला विचारणार आहे, बाई, तुम्ही तरी विचारता का? माझ्या नावाने मात्र नाही.

सोमवार, ६ नोव्हेंबर

शहरबानूला सांगितलं तर ती पोट धरून हसली. ती रत्नागिरीकडची, वीस वर्षं समोर राहते, मनाली तिच्या मांडीवर वाढली.

"सुजातावैनी, नाव कुणाचं घालणार?"

"तेच तर सुचत नाही."

"माझ्या सासूचं घाला. खतीजा. अल्ला तिला जन्नत देवो, पण तक्रारीत तिचा हात धरणारा अजून जन्माला आला नाय."

पत्ता म्हणून मोहिद्दीनभाईंच्या किराणा दुकानाचा पोस्ट बॉक्स द्यायचं ठरलं. मोहिद्दीनभाई म्हणजे शहरबानूचे यजमान; त्यांना आईच्या नावाने पत्र येणार हे सांगायचं काम तिने घेतलं.

"पण गो वैनी, एवढी मोठी बाई ती. ती कशाला बसते पाकिटं फोडत? मनालीच फोडत असेल."

"मोठ्या बाई पत्रं स्वतःच उघडतात," मी म्हटलं. आमच्या वसतिगृहात तसंच होतं. तरी मी पाकिटावर 'खासगी' असं लिहिलं आणि अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवलं.

पत्र अर्थातच इंग्रजीत. मतलब असा: मॅडम, मी आखातात राहते. नवऱ्याला अर्धांगवायू झाला आहे. तुमचं भाषण वाचलं. दार उघडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही म्हणता. तुम्ही विचारता का? की नुसतं सभागृहात विचारता?

सूर्यकांतांना वाचून दाखवलं. पलंगावरून म्हणाले, "अजून... कडक."

गुरुवार, २३ नोव्हेंबर

उत्तर आलं! शहरबानू दुकानातून धावतच घेऊन आली, मुलाचा निकाल आणावा तशी.

टाईप केलेलं पान, खाली शाईने सही. इथे मराठीत उतरवून ठेवते. "प्रिय मिसेस खतीजा, तुम्ही माझ्या प्रदेशातल्या मतदार नाही, त्यामुळे तुमच्या वतीने मला कुठेही प्रश्न मांडता येणार नाही, हे आधीच सांगते. पण तुम्ही विचारलंत, मी विचारते का. तर विचारते. तुम्ही कशा आहात? सलग झोप शेवटची कधी झाली? तुमच्या यजमानांना नक्की कधी आणि काय झालं? डॉक्टर काय म्हणाले? घाई नाही, पण सगळं लिहा."

मी ते तिरस्कारानेच वाचलं. तीनदा.

मतदार नाही, तिच्या देशातली नाही, आणि तरी उत्तर. एवढ्या कामाच्या बाईला इतका वेळ कसा मिळतो कोण जाणे. आणि मग माझी मुलगी तिच्यावर जीव टाकते यात नवल काय, असंही वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल स्वतःचा राग आला.

"खतीजाबाई," सूर्यकांत म्हणाले, "चहा."

हल्ली मनालीचे फोन मध्येच कधीही येतात. परवा मंगळवारी आला. आवाज बसलेला. म्हणाली, "बाबांना दे ना." मी म्हटलं, झोपलेत. "मग नुसता त्यांच्या कानाशी धर. आय विल जस्ट टॉक." मी धरला. ती काय बोलली माहीत नाही, पण ह्यांच्या ओठाची उजवी बाजू हसली. इतक्या वर्षांत मनाली असं कधी म्हणाली नव्हती. नेरिसने सुचवलं असणार. बापाशी कसं बोलावं हेही आता तीच शिकवणार.

रविवार, १० डिसेंबर

दुसरं पत्र टाकलं. दोन पानांत आटपायचं ठरवलं होतं, पाच झाली. थांबताच येईना. रमझान चालू आहे, शहरबानू रोज इफ्तारचं काही ना काही पाठवते. आज भजी आली ती थंड झाली तरी मी लिहीतच होते.

ताटाचंही लिहिलं. सूर्यकांत ताटातलं निम्मंच जेवतात. डावीकडचा भात, डावीकडची भाजी तशीच. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, पण त्यांच्या मेंदूला ती बाजू आहे हेच माहीत नाही. म्हणून निम्मं जेवण झालं की मी काही न बोलता ताट अर्धं फिरवते. मग ते उरलेलं जेवतात. कधीकधी म्हणतात, "अरे वा, अजून आहे!"

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. सांगितलं एका परक्या बाईला, जिचा मला मत्सर वाटतो.

गुरुवार, २८ डिसेंबर

काल ईद झाली. आज नेरिसचं उत्तर. कूस बदलताना अंगाखाली घडी केलेली चादर कशी घालायची, डावा हात उजव्या हाताने धरून उचलायचा सराव कसा द्यायचा, तिथल्या नर्सला विचारून सगळं लिहिलंय. शेवटी: "आणि रोज एक तास तुमचा. त्या तासात कुणीतरी दुसऱ्याने त्यांच्याजवळ बसायचं. ज्यांना तुम्ही शेवया आणि भज्यांबद्दल धन्यवाद देता, त्यांना विचारून पाहा. लोक खायला पाठवतात, कारण त्यांना दुसरं काय करू हे माहीत नसतं."

शहरबानूला विचारलं. ती उलट रागावली. "चार महिने मी दारात उभी हाय, आणि तुम्ही आता विचारता?" आता रोज साडेचार ते साडेपाच ती बसते आणि मी खाडीपर्यंत जाते. आज पाण्यात कितीतरी पांढरे बगळे होते.

माझ्या पोटच्या मुलीला माझ्याबद्दल इतकं कधी कळलं नाही, ते ह्या बाईला दोन पत्रांत कळलं. वाचताना वाटत होतं की कुणी माझ्या स्वयंपाकघरातच उभं राहून बोलतंय.

मनाली नाताळला नेरिसच्या घरी जाणार होती. गेली नाही म्हणे. नर्सला भेटायचं होतं कशासाठी तरी, आणि पत्रं लिहायची होती. सणासुदीला पोरीला कामाला जुंपते! पण खरं सांगायचं तर, गेली नाही हे ऐकून मला आतून बरं वाटलं.

सोमवार, १५ जानेवारी २००१

आज मी मिसेस खतीजाला एक मुलगी दिली.

लिहिलं की माझी मुलगी दूरदेशी एका मोठ्या बाईकडे कामाला आहे. बाई फार चांगली आहे, तिच्यात दोष सापडत नाही. मुलगी तिचा कोट घालते, तिची वाक्यं बोलते. माझ्याशी फोनवर अकरा मिनिटं बोलते, त्यातली आठ त्या बाईची. मला त्या बाईचा मत्सर वाटतो. इतका, की मी मुलीला वडिलांचं दुखणंही कळवलेलं नाही. ती आली तर उपकार केल्यासारखी येईल असं वाटतं.

जिचा मत्सर तिलाच हे लिहायला धीटपणा लागतो. पण तिला काय कळणार कोण कुठली खतीजा! पाकीट टपालात पडल्यावर हात हलका वाटला.

गुरुवार, १ फेब्रुवारी

या वेळी उत्तराला उशीर झाला. छोटंच आहे.

"प्रिय मिसेस खतीजा, तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा ती बाई जास्त आवडते, असं मला वाटत नाही. त्या बाईशी बोलणं सोपं असेल, एवढंच. ती बाई दमली की दमले म्हणते. तुम्ही मुलीकडे किती वर्षांत काही मागितलेलं नाही? मुलांकडे कधीतरी काहीतरी मागावं लागतं, नाहीतर आपण घरात पाहुणेच आहोत असं त्यांना वाटतं. तिला खरं सांगून पाहा. कृपा करून सांगा."

आली मोठी शहाणी! हिला मूलबाळ नाही, हे मनालीनेच सांगितलंय. आणि मला आईपण शिकवते.

पत्र उशीखाली ठेवलंय.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दुपारी बाराला सूर्यकांत न्हाणीघरात घसरले. माझ्या हातातून सुटले. शुक्रवारची नमाज, इमारतीत एक पुरुष नाही. शहरबानू आली, आम्ही दोघींनी जोर लावला, पण ते हलेनात. शेवटी तिने डोक्याखाली उशी दिली, मी लादीवर त्यांच्या शेजारी बसले. पन्नास मिनिटं. पाणी थंड होतं. त्यांनी मला विचारलं, "डबा... आणलायस? सहलीला... आलोय." मी हसले, आणि मग ते हसणं थांबेना, आणि शहरबानूने मला जवळ घेतलं तेव्हा कळलं की ते हसणं नव्हतं.

मोहिद्दीनभाई दोघांना घेऊन आले आणि उचललं. हाड मोडलेलं नाही.

परवाच चारुदत्त खाली बघत सांगून गेले होते: कंपनी एकतीस मार्चपर्यंतच व्हिसा ठेवू शकते. मग जायचं. सांगलीला ह्यांच्या भावाकडे, दुसरा मजला. एवढ्या माणसाला विमानात कसं बसवायचं, जिना कसा चढवायचा, मला काही दिसत नाही.

संध्याकाळी सगळं लिहिलं. लादी, उशी, व्हिसा, जिना. शेवटी लिहिलं: मला भीती वाटते. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. सिस्टर असत्या तर पेन्सिल मोडली असती त्यांची.

बुधवार, २१ फेब्रुवारी

उत्तर नाही. शहरबानू रोज पोस्ट बॉक्स उघडून बघते आणि दारातूनच हात हलवते.

मनालीचाही दहा दिवसांत फोन नाही. दोघी असतील कुठेतरी, सभा-बिभा घेत. शेवटी राजकारणीच ती. मतदार नसलेल्या बाईचं रडगाणं किती दिवस ऐकणार? मीच मूर्ख, उशीखाली पत्रं ठेवते.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

दुपारी दीड वाजता बेल वाजली. दारात मनाली. एक बॅग, तो कोट हातावर, चेहरा सुजलेला.

"अगं, न कळवता?" मी म्हटलं. माझ्या तोंडून पुढे आलं, "सगळं ठीक आहे, बाबा जरा झोपून..."

ती मला बाजूला करून आत गेली. तिला धक्का बसेल, रडेल, मला बोलेल, म्हणून मी मागोमाग गेले. ती रडली नाही. पलंगाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, खाली बसली आणि त्यांचा हात गालाला लावला. सूर्यकांत म्हणाले, "आली... का." जणू वाट बघत होते.

मी त्यांचं ताट आणलं. मनाली म्हणाली, मी भरवते. ते निम्मं जेवले आणि थांबले. आणि मनालीने, माझ्याशी बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, ताट अर्धं फिरवलं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना विचारलं. "पहिल्या पत्रापासून?"

"आई, मी रोज चाळीस पाकिटं उघडते. तुझं अक्षर डावीकडे झुकवलं तरी तुझंच दिसतं. आणि खतीजा आजी? त्या तर मी दहावीत असताना गेल्या. मीच बानूमावशीबरोबर त्यांच्या खतमच्या कुराण-पठणाला बसले होते."

"वर 'खासगी' लिहिलं होतं."

"सगळेच लिहितात."

"मग सरळ फोन करून विचारायचंस!"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? चकल्या खुसखुशीत झाल्यात." तिचा आवाज फाटला. "पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मी तिकीट बघायला गेले होते. नेरिस म्हणाली, तू गेलीस तर ती पुन्हा दार लावून घेईल. आधी तिला पूर्ण बोलू दे. आय हेटेड दॅट. मी रोज वाट बघत होते की तू फोनवर सांगशील. शेवटचं पत्र आलं आणि मग नाही थांबले."

मग मला सुचलं ते विचारलं. "म्हणजे ती पत्रं तू..."

"मी लिहायचे. सही नेरिसची. वाचल्याशिवाय ती कशावरही सही करत नाही."

"तिसरंही तिने वाचलं? माझं तिसरं?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही. त्या दिवशी लवकर घरी गेली."

माझे कान अजून तापलेले आहेत.

दुपारी दोघं बापलेक झोपली तेव्हा मी ती पत्रं पुन्हा काढली. 'तुम्ही कशा आहात.' 'घाई नाही, पण सगळं लिहा.' 'रोज एक तास तुमचा.' माझ्या मुलीची वाक्यं. मला लिहिलेल्या तिच्या ईमेलही काढल्या, चार वर्षांच्या. आय ॲम फाइन. टेक केअर. थंडी आहे. मस्ट रीड. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्याआधी काय झालं तेही लिहिते. मला खतीजाचा हेवा वाटला. मेलेल्या म्हाताऱ्या बाईला माझ्या मुलीने जे लिहिलं, ते मला कधीच लिहिलं नाही.

सूर्यकांतांना जाग आली, त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ शब्द जुळवत होते. "तू तरी... तिला... कुठे लिहिलंस?"

गुरुवार, १ मार्च

मनाली चारुदत्तांबरोबर व्हिसाच्या कागदांसाठी गेली होती. तीनला फोन वाजला. इंग्रजीत कुणीतरी म्हणालं, मिसेस सुजाता? मी नेरिस.

आवाज मला वाटला होता त्याहून जाड आहे, आणि वाक्याच्या शेवटी वर जातो. तिने ह्यांची चौकशी केली. मग म्हणाली की मनालीची रजा सोमवारी संपते. मंगळवारी सभागृहात त्यांचा ठराव आहे, घरी आजाऱ्याचं करणाऱ्यांचा. त्याचे सगळे कागद मनालीच्या हातचे, अर्धे तिच्या डोक्यात. ती नसेल तर अवघड जाईल. मनालीने राजीनामा पाठवला होता, तो तिने घेतला नाही.

राजीनाम्याचं मला मनाली बोलली नव्हती.

"तिला विचारलं तर ती आपल्या दोघींनाही हो म्हणेल," नेरिस म्हणाली. "म्हणून तुम्हाला विचारते. मी परत पाठवा म्हणत नाही, ठेवून घ्या असंही म्हणत नाही. तुम्हाला काय हवं ते सांगा."

उत्तर तयारच होतं. आम्ही अगदी ठीक आहोत, तुमचं काम मोठं आहे, मी तिला रविवारच्या विमानात बसवते. पन्नास वर्षं हेच उत्तर तयार आहे. ते छान दिसलंही असतं. मनालीच्या डोळ्यांत मी त्या बाईपेक्षा मोठी झाले असते, आणि तो विचारही माझ्या मनात आला, हे लपवत नाही.

सूर्यकांत माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "मला ती हवी आहे." आवाज आलाच नाही नीट, म्हणून पुन्हा म्हटलं. "मला ती हवी आहे. महिनाभर. विमानात ह्यांना बसवेपर्यंत, सांगलीचा जिना चढेपर्यंत. मला एकटीला जमणार नाही. त्यानंतर तिचं तिने ठरवावं."

मग म्हणाली, "ठीक आहे. तिची जागा राहील." आणि पुढे, "मिसेस खतीजांना माझा नमस्कार सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं. "त्या आता लिहिणार नाहीत. मी लिहीन." आणि मग, कुठून धीर आला माहीत नाही, तिला विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

ती हसायला लागली, पण हसू पुरतं झालं नाही. "दमले आहे," ती म्हणाली.

मी मनाली तिला परत देऊ शकले असते. दिली नाही. त्यात गरज किती होती आणि मत्सर किती, हे मला आत्ता लिहितानाही वेगळं करता येत नाही. आम्ही दोघींनी लगेच फोन ठेवला नाही. तिच्या मागे, ऑफिसात, दुसरा फोन वाजत होता. कितीतरी वेळ वाजत राहिला. ते टेबल मनालीचं असणार; तिथे कुणी नव्हतं.